मधला कोन

“दोन रेषा एकमेकींना छेदत असतील, तर होणारे विरुद्ध कोन समान असतात. दोन रेषा एकमेकींना छेदत असतील, तर होणारे विरुद्ध कोन...”

“का?” आत्यानं विचारलं.

भाचीची घोकंपट्टी थांबली. ती पलंगावर मांडी घालून, पुस्तक पालथं ठेवून पुढेमागे डोलत होती. आत्या दाराशी बुटक्या स्टुलावर बसून एका खुर्चीची बैठक विणत होती. भिजवलेल्या वेताची पट्टी चौकटीच्या एका भोकातून खाली जायची, शेजारच्या भोकातून वर यायची आणि ताणून धरताना बारीक कुरकुरायची.

“का म्हणजे?”

“का समान असतात?”

“अगं, पुस्तकात दिलंय.”

“पुस्तकात दिलंय ते ऐकलं मी. सकाळपासून तेच ऐकतेय. पण का?”

“आकृतीत दिसतंच की सरळ,” भाची म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

आत्या जन्मापासून आंधळी होती. घरात कुणाच्या तोंडून असं काही निसटलं की ती मुद्दाम हसायची, म्हणजे बोलणाऱ्याच्या मनावरचं ओझं उतरायचं. या वेळी ती हसली नाही. तिला राग आला नव्हता. ती खरोखरच विचारात पडली होती.

“बरं, दिसतं. म्हणजे नेमकं काय दिसतं?”

भाचीनं पुस्तक सुलटं केलं. “एक फुली आहे. फुली मारल्यावर चार कोपरे होतात ना, त्यातले समोरासमोरचे दोन सारखे दिसतात. राहिलेले समोरासमोरचे दोन सारखे दिसतात.”

“सारखे दिसतात की सारखे असतात?”

“आत्या, तुला भूमितीला सूट आहे. मला नाहीये. मला पाठ करू दे.”

सूट. हा शब्द आत्याच्या पाठीला लहानपणापासून चिकटला होता. ती आणि तिचा मोठा भाऊ एकाच शाळेत एकाच वर्गात होते, कारण तिला हात धरून न्यायला दुसरं कुणी नव्हतं. इतर विषय ती नुसतं ऐकून भावापेक्षा जास्त लक्षात ठेवायची. कविता एकदा ऐकली की तिची व्हायची. पण भूमितीचा तास सुरू झाला की गुरुजी मायेनं म्हणायचे, “तू बाहेर बस हो बाळ, तुला यातून सूट आहे.” मग ती व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायची. खिडकीतून खडूची करकर ऐकू यायची, फळ्यावर लाकडी पट्टी आपटायची, आणि गुरुजींचा आवाज चढत जायचा: म्हणून हे. म्हणून ते. आणि म्हणून. शेवटी “हेच सिद्ध करायचे होते” असं म्हणताना गुरुजी असे काही तृप्त व्हायचे, की आत कुणीतरी पोटभर जेवलं आणि आपण दाराशी उपाशी बसलो, असं त्या पोरीला वाटायचं. भूमिती ही रंगांसारखीच डोळसांची चीज आहे, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. आई आजारी पडल्यावर तिची शाळाच सुटली. पुढे आंधळ्यांच्या कर्मशाळेत ती ब्रेल शिकली, वेताच्या खुर्च्या विणायला शिकली, आणि भावाच्या घरी राहून तिनं अर्धं आयुष्य खुर्च्या विणण्यात घालवलं. भाचीची ती आत्या, म्हणून सगळ्या गल्लीचीच आत्या झाली.

आता या वयात ती पुन्हा परीक्षेला बसणार होती, त्यालाही खुर्चीच कारणीभूत होती. कर्मशाळेत विणकाम शिकवणारे मास्तर लवकरच निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी आत्याशिवाय दुसरं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं, पण अधीक्षकबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, “तुमचा हात मला माहीत आहे. पण शालान्त परीक्षा पास असल्याशिवाय मला तुम्हाला घेता येणार नाही.” तेव्हा एकाच घरातून त्या वर्षी दोन परीक्षार्थी बसणार होत्या. भाची मोठ्यानं वाचायची, आत्या ऐकायची. दोघींचा इतिहास झाला होता, भाषा झाली होती, अंकगणित झालं होतं. भूमिती एकट्या भाचीची होती.

“दोन पट्ट्या दे मला,” आत्या म्हणाली. “बादलीतल्या नको, कोरड्या. आणि एक टाचणी.”

“कशाला?”

“दे तर खरं.”

भाचीनं वेताच्या दोन सरळ पट्ट्या एकमेकींवर आडव्या ठेवून मधोमध टाचणी खुपसली आणि ती फुली आत्याच्या मांडीवर ठेवली. आत्यानं दोन्ही पट्ट्या चाचपल्या. मग एका बाजूच्या कोपऱ्यात उजवी तर्जनी घातली, समोरच्या कोपऱ्यात डावी. पट्ट्या हळूच उघडल्या. दोन्ही बोटांभोवतीची जागा एकदम मोकळी झाली. मिटल्या. दोन्ही बोटं एकदम चिमटली.

“अगं बाई,” ती म्हणाली. “हे दोघं बोलून ठेवल्यासारखे वागतायत.”

“मग? पटलं ना?”

“नाही.”

भाचीनं कपाळावर हात मारला. त्याचा आवाज आत्याला बरोबर कळला.

“बोटाला सारखं वाटतंय, तसं तुझ्या डोळ्याला सारखं दिसतंय. पण केसभर कमी-जास्त असलं तर? माझ्या बोटाला कळणार नाही, तुझ्या डोळ्याला कळणार नाही.”

“मग मोजते.” भाचीनं कोनमापक आणला. मोजला, पुन्हा मोजला. “साठ. आणि समोर साठ. आता झालं तुझं समाधान?”

“ही फुली मोजलीस. जगातल्या सगळ्या फुल्या कोण मोजत बसणार?”

 खरं तर भाचीला भूमितीत नेहमी इथंच अडायला व्हायचं. पुस्तकातलं सगळं ती पाठ करायची, आणि पेपरात आकृती जरा फिरवून दिली की पाठ केलेलं सगळं हवेत जायचं. सहामाहीत ती याच विषयात गटांगळ्या खाऊन वर आली होती.

“पुस्तकात आणखी काय आहे? या वाक्याच्या खाली?”

“सिद्धता.”

“ती नको वाचूस. त्याच्या आधीचं सांग.”

“आधी रेषीय जोडी आहे. एका सरळ रेषेवर दुसरी रेघ उभी केली, कशीही, तिरपी का असेना, तर तिच्या दोन्ही बाजूंच्या कोनांची बेरीज एकशे ऐंशी.”

“सरळ रेषेवर,” आत्यानं पुन्हा म्हटलं. “म्हणजे रेषा सरळ आहे, म्हणून एकशे ऐंशी. सरळ भिंतीच्या एका अंगाला जागा ठरलेली, ती दोघांनी वाटून घ्यायची. एकानं जास्त घेतली, की दुसऱ्याला कमी.”

“हो.”

“हे पटलं,” आत्या म्हणाली आणि फुली पदराच्या टोकात बांधून ठेवली.

दुसऱ्या दिवशी कर्मशाळेत तिनं ती मास्तरांच्या हातात दिली. मास्तरही आंधळेच. लांब हॉलच्या कोपऱ्यात त्यांची जागा होती. तिथं बसून ते नुसत्या आवाजावरून सांगायचे, की तिसऱ्या खुर्चीवाल्याची पट्टी सुकली आहे, पाणी मारा. आत्याला पहिली गाठ त्यांनीच शिकवली होती, तीही बोटांवर छडी मारून.

मास्तरांनी फुली उघडली, मिटली. “हे काय खूळ?”

“भूमिती आहे, मास्तर.”

“आपल्याला त्यातून सूट असते.”

“माहीत आहे.”

“मग? लोक सूट मिळावी म्हणून देवाला साकडं घालतात. तुला आयती मिळालीय तर कोन कशाला चिवडतेस? वेत वळतो, कोन वळत नाही. जा, काम कर.”

आत्या गेली आणि कामाला लागली. समोर एका कचेरीतून आलेली खुर्ची होती. तिचे उभे पदर झाले होते, आडवे झाले होते, आता तिरपे घालायचे होते. तिनं पहिली तिरपी पट्टी कोपऱ्यातून ओढून ताणली, तशी ती एका आडव्या पदरावरून फुली मारून गेली. आत्याचा अंगठा सवयीनं त्या आडव्या पदरावरून फिरला. पदर सरळ होता. त्याच्या वरच्या अंगाला तिरप्या पट्टीनं दोन कोपरे केले होते, एक अरुंद, एक ऐसपैस. दोघं मिळून अख्खी सरळ जागा. ही रेषीय जोडी. इथवर तिला ठाऊक होतं.

मग तिचा अंगठा वळला आणि तिरप्या पट्टीवरून खाली घसरला.

तिरपी पट्टीसुद्धा सरळच होती.

तिच्या एका अंगाला तोच ऐसपैस कोपरा होता, आणि त्याला लागून, खाली, एक अरुंद. तेही दोघं मिळून अख्खी सरळ जागा. ऐसपैस कोपरा तोच. दोन्ही जोड्यांत तोच एकटा. या अरुंदाला त्याच्याबरोबर राहायचं आहे, आणि त्या अरुंदालाही त्याच्याचबरोबर राहायचं आहे. जागा दोन्हीकडे तेवढीच.

आत्याचा हात थांबला. पट्टी सैल पडून सुटली आणि तिच्या गालावर सपकन बसली. ती हललीसुद्धा नाही.

“पट्टी सुटली कुणाची?” कोपऱ्यातून मास्तरांनी विचारलं.

“माझी.”

आजूबाजूचे कारागीर विणायचे थांबले. आत्याची पट्टी कधी सुटत नसे.

“लागलं का?”

“हो,” आत्या म्हणाली. “लागलं, मास्तर.” तिचा आवाज असा काही होता, की शेजारचा कारागीर विचारात पडला, बाईला मार लागला की लॉटरी लागली.

संध्याकाळी घरात शिरताच तिनं चपला काढायच्या आधी भाचीला हाक मारली. “इकडे ये. समज, एक वजनकाटा आहे.”

“हं.”

“त्याच्यावर तू आणि मी दोघी उभ्या राहिलो. काटा एका आकड्यावर थांबला. मग तू उतरलीस, तुझी आई चढली. मी होते तिथंच. काटा पुन्हा त्याच आकड्यावर थांबला. तर तुझ्या आणि तुझ्या आईच्या वजनाचं काय?”

“सारखं असणार.”

“वजन केलंस का तुमचं वेगळं?”

“नाही. पण तू दोन्ही वेळेला तीच होतीस ना. तुला काढून टाकलं, की राहिलेलं सारखंच...” भाची बोलता बोलता थांबली. मग सावकाश म्हणाली, “पण मी आईएवढी जाड आहे का?”

“कोण जाड?” स्वयंपाकघरातून वहिनीनं विचारलं.

“कुणी नाही. तू कांदा चीर,” आत्या म्हणाली. “आता ही फुली धर. माझ्या बोटावर बोट ठेव. हा कोपरा म्हणजे तू. समोरचा तो तुझी आई. आणि दोघींना लागून असलेला हा मोठा, मधला, तो मी. तू आणि मी मिळून ही सरळ पट्टी. आई आणि मी मिळून ती सरळ पट्टी. सरळ म्हणजे दोन्हीकडे एकशे ऐंशीच. आता मला काढ.”

 भाचीनं उडी मारून पुस्तक आणलं आणि सिद्धता वाचली. पुस्तकात तेच होतं. कोन एक अधिक कोन दोन, कोन दोन अधिक कोन तीन, दोन्ही बेरजा समान, म्हणून कोन एक बरोबर कोन तीन.

“आत्या, हे तर मी महिनाभर पाठ करतेय. मला कधी दिसलंच नाही.”

“मलाही दिसलं नाही,” आत्या म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की वहिनी सुरी घेऊन बाहेर आली.

त्यानंतर घरात भूमिती दोघींची झाली. भाची आकृतीचं वर्णन करायची, आत्या टाचण्या आणि पट्ट्यांनी ती उशीवर मांडायची. भाचीलाही एक खोड लागली. डोळे मिटून आकृती सांगून पाहायची. सांगता आली तरच ती कळली, असं ती मानू लागली. भाचीच्या शाळेतले भूमितीचे सर एकदा घरी आले, उशीवरचा पसारा बघून चकित झाले, आणि पुढच्या खेपेला पुठ्ठ्यावर दोरा चिकटवून केलेल्या आकृत्यांचा गठ्ठाच घेऊन आले.

आणि मग एका रविवारी जेवताना आत्या म्हणाली, “दादा, मी भूमितीचा पेपर देणार आहे.”

दादा, म्हणजे तिचा भाऊ, बस डेपोत मेकॅनिक होता. तो बोलायला कंजूस होता. बोलायचा तेव्हा नट घट्ट केल्यासारखं एकेक वाक्य फिरवून बसवायचा.

“तुला सूट आहे.”

“सूट परत करणार आहे.”

“करता येते?”

“विचारून आलेय. अर्ज केला की येते.”

“आणि भूमितीत नापास झालीस तर?”

“तर सगळ्याच परीक्षेत नापास.”

“आणि मास्तरांची जागा?”

“दुसऱ्या कुणाला जाईल.”

दादानं घास खाली ठेवला. “सूट घेतलीस तर तू आजच पास आहेस. बाकीचे विषय तू झोपेत देशील. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं हे वय आहे का? आयुष्यभर खाली बसून खुर्च्या विणल्यास. आता एक खुर्ची तुला बसायला मिळतेय.”

त्याचं चुकत नव्हतं. आत्यालाही ते माहीत होतं. भाची पाण्याच्या पेल्याशी चाळा करत राहिली.

“दादा, तू त्या तासाला आत बसायचास,” शेवटी आत्या म्हणाली. “तुला ते नकोसं असायचं, तरी बसायला मिळायचं. मला कुणी विचारलंच नाही, तुला हवंय का म्हणून. सूट म्हणजे माया असते, मला कळतं. पण दर वेळेला तुमची माया मला दाराबाहेर बसवते. मला नापास व्हायचा तरी हक्क असू दे.”

दादा उठला, हात धुऊन आला आणि शर्ट घालू लागला.

“कुठे निघालास?” वहिनीनं विचारलं.

“दोरा संपलाय तिच्या पुठ्ठ्यांचा,” तो म्हणाला. “जाड लागतो ना?”

परीक्षेच्या दिवशी आत्याला एका वेगळ्या खोलीत बसवलं. तिला लिहायला एक लेखनिक मुलगी दिली होती. खालच्या वर्गातली मुद्दाम निवडलेली, म्हणजे उत्तर सांगायची सोय नको. मुलगी बिचारी आत्यापेक्षा जास्त घाबरली होती; पेनाचं टोपण सारखं उघडत-मिटत होती. खोलीत एक पर्यवेक्षकबाई होत्या.

सुरुवात बरी झाली. ‘छेदणाऱ्या दोन रेषांमुळे झालेल्या कोनांपैकी एक कोन शेजारच्या कोनाच्या चौपट आहे, तर सर्व कोनांची मापे काढा.’ आत्यानं मनातल्या मनात एकशे ऐंशीचे पाच वाटे केले. एक वाटा छत्तीस, चार वाटे एकशे चव्वेचाळीस. समोर छत्तीस, समोर एकशे चव्वेचाळीस. मग विरुद्ध कोनांचं प्रमेय आलं. ते तिनं ओळीनं सांगितलं, प्रत्येक ओळीमागे कारण. मुलगी लिहिता लिहिता मधेच थांबली. “बाई, हे खरंच असं असतं?” तिनं कुजबुजत विचारलं. पर्यवेक्षकबाई खाकरल्या तशी ती पुन्हा लिहू लागली.

मग पुढचा प्रश्न आला. “सोबतच्या आकृतीवरून,” मुलीनं वाचलं आणि ती आकृती शोधू लागली.

बोटांनी चाचपता येईल अशी उठावाची आकृती यायला हवी होती, ती आली नव्हती. नुसती छापलेलीच होती. पर्यवेक्षकबाई जवळ आल्या. त्यांनी कागद चाळला, मागेपुढे केला. “तुमची आकृती जोडलेली नाही हो. राहू द्या हा प्रश्न, सोडून द्या.”

“सोडून कसा देऊ? मोठा प्रश्न आहे.”

“पण तुम्हाला आकृती कशी कळणार?”

“ती मुलगी सांगेल.”

“सांगितलं तर मदत होईल. तिनं फक्त वाचायचं, असा नियम आहे.”

 पुन्हा आत्याला कुणीतरी मायेनं बाजूला सरकवत होतं. ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली, “बाई, आकृतीत अक्षरं आहेत ना? ती वाचायची. कुठलं अक्षर कुठे आहे आणि कुठली रेघ कुठून कुठे जाते, एवढंच. बाकी काही नको. तुम्हाला चुकीचं वाटत असेल तर केंद्रप्रमुखांना विचारा. मी थांबते.”

पर्यवेक्षकबाई क्षणभर घुटमळल्या, मग खरोखरच गेल्या. परतल्या तेव्हा त्यांच्याबरोबर कुणाची तरी जड पावलं आली. ती पावलं आकृतीपाशी थांबली. “अक्षरं आणि रेघा वाचायला हरकत नाही,” केंद्रप्रमुख म्हणाले. “गेलेला वेळ भरून द्या त्यांना.”

मुलीनं घसा साफ केला. “अ पासून ब पर्यंत एक आडवी रेघ आहे. अ डावीकडे, ब उजवीकडे. क पासून ड पर्यंत तिरपी रेघ आहे. क वर उजवीकडे, ड खाली डावीकडे. दोन्ही जिथं भेटतात तिथं म लिहिलंय. आणि आणखी एक रेघ म पासून निघते, ब आणि क यांच्या मधून जाते, ई ला थांबते. पलीकडे जात नाही.”

“शाब्बास,” आत्या म्हणाली. “तुझी फूटपट्टी दे. आणि दोन पेन्सिली.”

तिनं फूटपट्टी बाकावर आडवी ठेवली. तिच्यावर एक पेन्सिल तिरपी. मधोमध बोट टेकलं, ते म. दुसरी पेन्सिल त्या बोटापासून उजवीकडे, दोघींच्या मधे.

“आता दिलेलं वाच.”

“अ म ड हा कोन सत्तर. क म ई हा कोन पंचवीस. तर ई म ब किती?”

आत्याचं बोट खाली डावीकडच्या कोपऱ्यात गेलं. सत्तर. तिथून म ओलांडून समोर गेलं, वर उजवीकडे. हा समोरचा. हाही सत्तर, मोजायची गरज नाही, बघायचीही नाही. जगातल्या कुठल्याही फुलीत नाही. त्या सत्तरात नव्या पेन्सिलीनं पंचवीसचा लचका तोडला होता.

“लिही,” ती म्हणाली. “कोन क म ब बरोबर कोन अ म ड. कंसात कारण लिही, विरुद्ध कोन.”

शेवटी “पंचेचाळीस” सांगून झाल्यावर तिनं मुलीला आणखी एक ओळ लिहायला लावली. त्या ओळीची गरज नव्हती, कारण प्रश्न मापाचा होता, सिद्धतेचा नव्हता. पण आत्याला ती सांगायचीच होती. मुलीनं लिहिली: हेच काढायचे होते.

निकाल लागला तेव्हा भाची घरी धावत आली ती दारातूनच ओरडत. दोघी पास होत्या. भूमितीत भाचीला आत्यापेक्षा दोन गुण जास्त होते, आणि ते तिनं गल्लीत प्रत्येकाला गाठून सांगितलं. दादा डेपोतून आला, बहिणीचं गुणपत्रक दोनदा वाचून म्हणाला, “मला त्या वेळी पस्तीस होते.” एवढंच. मग जाऊन सगळ्यांसाठी आइस्क्रीम घेऊन आला. अधीक्षकबाईंनी कर्मशाळेच्या हॉलची किल्ली आत्याच्या हातात ठेवली.

पहिल्या सुटीच्या दिवशी आत्या भाचीला घेऊन मास्तरांकडे गेली. निवृत्त झाल्यापासून ते मुलाच्या घरी, खिडकीजवळच्या खाटेवर असायचे. आवाज बारीक झाला होता, पण कान तसेच होते.

“दोघी आलात,” ते म्हणाले. “एकीच्या चपलेचा बंद तुटलाय.”

आत्यानं गुणपत्रक त्यांच्या हातात दिलं. मास्तरांनी ते नीट सरळ केलं आणि दोन्ही हातांची बोटं वरपासून खालपर्यंत फिरवली. कागद गुळगुळीत होता.

“कोरा आहे,” ते म्हणाले.

“छापील आहे, मास्तर.”

“आपल्याला कोराच.”

आत्यानं पिशवीतून ब्रेलची पाटी आणि टोचणी काढली.

“आत्या, अगं सरकारी कागद आहे,” भाची घाबरून म्हणाली. “खराब होईल.”

“माझा आहे,” आत्या म्हणाली.

तिनं कागदाची खालची मोकळी कड पाटीत धरली आणि एकेक ठिपका टोचत गेली. विषय आणि गुण, विषय आणि गुण. खोलीत टोचणीच्या टकटकीशिवाय आवाज नव्हता. कागद उलटा करून तिनं तो मास्तरांच्या मांडीवर ठेवला.

मास्तरांचं बोट ठिपक्यांवरून सरकत गेलं. भाषा. इतिहास. अंकगणित. मग ते थांबलं.

“भूमितीचे वेगळे दिलेत?”

“वेगळे.”

“सूट लिहिलेलं नाही कुठे?”

“नाही.”

मास्तर पुन्हा ओळीच्या सुरुवातीला गेले आणि तेवढाच शब्द, तेवढेच दोन आकडे हळू वाचले. आणखी एकदा वाचले. मग कागदाची घडी न करता तो जपून बाजूला ठेवला, खाटेवर ताठ बसले, आणि आपले सुरकुतलेले दोन्ही हात पुढे करून मनगटं एकमेकांवर फुलीसारखी आडवी ठेवली.

“हं,” ते म्हणाले. “आता पहिल्यापासून सांग.”